टू-इन-वन (संकरित टॅबलेट-लॅपटॉप)

टॅबलेट आणि लॅपटॉप अशी दोन्ही कामे करणारा संगणक. याचे दोन प्रकार असून खरा फरक बिजागरीचा आहे. ‘कन्व्हर्टिबल’मध्ये पडदा ३६० अंश फिरून कळफलकाच्या पाठीला टेकतो; ‘डिटॅचेबल’मध्ये कळफलक चुंबकाने चिकटतो आणि ओढला की सुटतो. बाजाराची आकडेवारी काढणारी आयडीसी ही संस्था डिटॅचेबल टॅबलेटमध्ये धरते आणि कन्व्हर्टिबल लॅपटॉपमध्ये. त्यामुळे ‘टॅबलेट वाढले’ किंवा ‘घटले’ असे वाचताना नेमके काय मोजले आहे, हे आधी पाहावे.

२०१० मध्ये आलेला आयपॅड वाचायला आणि पाहायला सोयीचा होता, लिहायला नव्हे. आसुसने २०११ मध्ये आपल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या टॅबलेटला जोडता येणारा कळफलक दिला. ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा सरफेस आला, पण त्यातील ‘विंडोज आरटी’ या आवृत्तीवर विंडोजचे जुने प्रोग्रॅम चालत नसत. न खपलेल्या मालापोटी कंपनीने २०१३ मध्ये ९० कोटी डॉलरचा तोटा दाखवला. गाडी रुळावर आली ती २०१४ च्या सरफेस प्रो ३ पासून. १२ इंची पडदा, लांबी-रुंदीचे ३:२ प्रमाण आणि हव्या त्या कोनात थांबणारा मागचा टेकू असा हा घाट पुढे अनेकांनी उचलला. आयपॅड प्रो २०१५ मध्ये कळफलकासाठी तीन बिंदूंची जोडणी घेऊन आला. ट्रॅकपॅडचा पूर्ण आधार मात्र मार्च २०२० मध्ये, आयपॅडओएस १३.४ पासून मिळाला.

दरम्यान मोठ्या पडद्याच्या फोनांनी सात-आठ इंची टॅबलेटचे गिऱ्हाईक ओढले. उत्पादकांना उरली वरची, महाग बाजू, आणि तिथे टू-इन-वन बसले. कळफलक आणि पेन बहुधा वेगळे विकत घ्यावे लागतात, म्हणून जाहिरातीतली किंमत अपुरी असते. तुलना करायची तर कळफलकासकट किमतीची करावी.

डिटॅचेबलमध्ये मदरबोर्ड आणि मुख्य बॅटरी पडद्यामागे असल्याने वजन वरच्या भागात येते. टेबलावर टेकू हे वजन तोलतो. मांडीवर ठेवले की टेकूची कड रुतते आणि यंत्र मागे कलंडते. प्रवासात मांडीवरच काम करणाऱ्याने कन्व्हर्टिबल घ्यावा. उलट, उभ्याने एका हातात धरून पेनने नोंदी करायच्या असतील तर तो जड पडतो.

कळफलक मध्येच बंद पडणे ही नेहमीची तक्रार. डिटॅचेबलमध्ये यंत्र बंद करून कळफलक काढावा आणि दोन्हीकडचे धातूचे बिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून वाळू द्यावेत. तरीही तसेच राहिले आणि दुसरा कळफलक नीट चालला, तर बहुधा घडीतली पातळ तार तुटलेली असते. ती सहसा दुरुस्त होत नाही. कन्व्हर्टिबलमध्ये पडदा मागे वळला की सेन्सर कळा बंद करतो. जवळ चुंबक असलेले फोनचे कव्हर ठेवले तरी सेन्सर फसतो, म्हणून दुकान गाठण्याआधी आजूबाजूची आवराआवर करावी.

चार्जर सतत लावून ठेवल्यास बॅटरी लवकर थकते. सोय असेल तर ८० टक्क्यांची मर्यादा लावावी. पडद्याची कड उचललेली दिसली तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. तेव्हा यंत्र बंद करावे, चार्जिंगला लावू नये आणि कड दाबून बसवू नये. पडदा गोंदाने चिकटवलेला असतो. तो गरम करून सोडवताना काच तडकते, त्यामुळे घरी उघडण्याच्या भानगडीत पडू नये.

मराठी टंकलेखनासाठी विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कळांची मांडणी आहे, पण कळांवर बहुधा इंग्रजी अक्षरेच छापलेली असतात. क ‘के’च्या कळीवर आणि हलन्त ‘डी’वर, एवढे बोटांत बसले की जोडाक्षरे अडत नाहीत.