घरच्या घरी डेंटिंग-पेंटिंग शिकताय? डबा उघडायच्या आधी हे वाचा

नमस्कार. तुम्ही आमच्याकडून पुट्टी, प्रायमर (रंगाखाली मारायचा थर), घासायचा पेपर असं काहीतरी घेतलंय म्हणजे गाडीचं काम स्वतः करून बघायचं ठरवलेलं दिसतंय, म्हणून हा कागद पिशवीत टाकलाय. डब्यावर सूचना असतातच, पण त्यात काय करायचं ते असतं, का करायचं ते नसतं, आणि का ते कळलं नाही की घाईत माणूस नेमकी तीच पायरी गाळतो आणि मग महिन्याभराने रंग उडाला म्हणून परत येतो. तसं होऊ नये एवढंच आम्हाला वाटतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, रंग काहीच लपवत नाही. बऱ्याच जणांना वाटतं की थोडं खालीवर राहिलं तरी वरून दोन हात रंग मारला की झाकून जाईल. उलट होतं. कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्याच्या वर प्रायमर, रंग, क्लिअर (सगळ्यात वरचा पारदर्शक चकचकीत थर) सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते, म्हणजे १ मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग किंवा थोडं जास्त, त्यातलं वरचं क्लिअर ४०-५० मायक्रॉन. एवढ्याशा थराने कसला खड्डा भरणार? वर ते चकचकीत असतं, त्यामुळे प्रायमरवर न दिसलेली लाट क्लिअर मारल्यावर उन्हात लांबूनसुद्धा दिसते. रंगाची गन हातात घ्यायच्या आधीच काम चांगलं किंवा वाईट होऊन गेलेलं असतं, हे आम्ही प्रत्येक नवीन माणसाला सांगतो.

म्हणून पहिलं काम स्वतःच्या गाडीवर करू नका, प्लीज. भंगारातून एखादं जुनं बोनेट किंवा दरवाजा आणा, त्याला स्वतः हातोडीने पोचा पाडा आणि तो काढून रंगापर्यंत न्या. आधी आडवं ठेवून रंगवा, मग उभं करून, कारण ओघळ येतात ते उभ्या पॅनलवर आणि तो हात बसायला वेळ लागतो. दोन-तीनदा तोच पत्रा घासून परत रंगवलात तरी चालेल, त्यात वाया काही जात नाही.

ओरखडा किती खोल ते आधी बघा

ओरखड्यावर पाणी लावा. पाणी लावल्यावर तो दिसेनासा झाला तर तो फक्त क्लिअरमध्ये आहे, कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) आणि पॉलिशने बहुतेक जातो, पुट्टीचा डबा उघडायची गरजच नाही. नख अडकत असेल तर खोल आहे. खाली पांढरट किंवा राखाडी दिसलं तर प्रायमरपर्यंत गेलाय, आणि चमकता पत्रा दिसला तर लवकर हात लावा, कारण उघडा पत्रा दमट हवेत काही तासांतही गंज धरायला लागतो.

पोचा

पुट्टी पोचा भरायला नाही, पोचा काढल्यावर उरलेली बारीक उंचसखल भरायला असते. २-३ मिलिमीटरच्या वर पुट्टी चढवायची वेळ येतेय म्हणजे पत्र्याचं काम अर्धवट राहिलंय. जाड पुट्टीला तडे जातात, कारण गाडी हादरते, पत्रा तापतो, थंड होतो, पुट्टी तशी हलत नाही.

पत्रा काढताना आतून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) आणि बाहेरून हातोडी. पोचा पडतो तेव्हा मधला भाग आत जातो आणि कडेला एक उंच वळ उठतो, हे कुणी लक्षात घेत नाही. सगळे मधल्या खड्ड्याच्या मागे लागतात. खरं तर डॉली आतून खड्ड्याखाली दाबून धरायची आणि हातोडी बाहेरून त्या उंच वळावर हलके हलके मारायची, वळ खाली बसतो आणि खड्डा आपोआप वर येतो. डॉलीच्या बरोबर वरच हातोडी मारलीत तर पत्रा मधे चेपून पातळ होतो आणि पसरतो, मग त्याला जागा पुरत नाही आणि तो डब्याच्या झाकणासारखा टक-टक आत-बाहेर करायला लागतो. तो पसरलेला पत्रा परत आखडवायचं काम अवघड असतं, म्हणून जोरात चार घाव घालण्यापेक्षा हलके चाळीस घाला.

डोळ्यावर विश्वास ठेवू नका, तळहातावर ठेवा. पातळ सुती हातमोजा घाला किंवा हाताखाली कापड धरा आणि सपाट पंजा लांबच लांब फिरवा, चांगल्या भागावरून सुरू करून पोच्यावरून पलीकडच्या चांगल्या भागापर्यंत. बोटांच्या टोकांनी चाचपून काही कळत नाही. आठवडाभर केलंत की हाताला अशा लाटा लागायला लागतात ज्या डोळ्याला दिसतच नाहीत, आणि हे शिकलात की निम्मं काम आलं.

आधी पुसा, मग घासा

हा क्रम उलटा करू नका. गाडीवर वॅक्स, टायर पॉलिश, डॅशबोर्डचा स्प्रे यातलं सिलिकॉन बसलेलं असतं. आधी घासलंत तर ते पेपरच्या रेघांमध्ये भरतं आणि मग रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडतात, त्यालाच फिशआय म्हणतात. आमच्या स्वतःच्या एका फेंडरवर (चाकावरच्या पत्र्यावर) असे पंचवीसएक खड्डे आले होते, कारण त्याच शेडमध्ये आदल्या दिवशी कुणीतरी टायरला स्प्रे मारला होता. अख्खा फेंडर परत घासावा लागला. तर ग्रीस रिमूव्हर दोन कापडांनी लावायचा, एक ओलं, दुसरं कोरडं, आणि पहिल्याने लावलेलं वाळायच्या आत दुसऱ्याने टिपायचं. वाळू दिलंत तर घाण तिथेच राहते.

पुट्टी कालवणं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. हार्डनर (पुट्टी कडक करणारी पेस्ट) साधारण वजनाच्या २ टक्के लागतो, म्हणजे १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम, तुमच्या डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते खरं धरा. अंदाजाने घालू नका, छोटा डिजिटल वजनकाटा वापरा. "लवकर वाळावी म्हणून थोडा जास्त घातला" असं सांगणारे खूप भेटतात, पण जास्तीचा हार्डनर पुट्टीतच राहतो आणि पुढे रंगातून वर येऊन पिवळट डाग पडतात. कमी घातलात तर पुट्टी चिकट राहते आणि पेपर भरून जातो.

कालवताना फेटू नका, पात्याने दाबून-दाबून दुमडा. फेटलं की हवा शिरते आणि घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसायला लागतात. रंग एकसारखा झाला, रेघ दिसेनाशी झाली की लगेच लावा, कारण २०-२५ अंशाला हातात ४-५ मिनिटंच असतात आणि कडक उन्हात त्याहून कमी. म्हणून लिंबाएवढी पुट्टी घ्या, डबाभर नको. पहिला हात पातळ आणि जोर देऊन, म्हणजे ती पत्र्याच्या रेघांत घुसते. खाली पत्रा ८० नंबरच्या पेपरने घासलेला असावा (नंबर जेवढा मोठा तेवढा पेपर बारीक) किंवा त्यावर इपॉक्सी प्रायमर (हार्डनर घालून वापरायचा, पत्र्याला घट्ट धरणारा) असावा. अॅसिडवाल्या एच (etch) प्रायमरवर पुट्टी लावू नका, ते अॅसिड पुट्टीला नीट सुकू देत नाही. उरलेली कालवलेली पुट्टी कचऱ्यात लगेच टाकू नका, ती चांगली गरम होते, बाहेर पत्र्यावर पसरून थंड होऊ द्या.

आणि पुट्टीवर पाणी नको! ती पाणी पिते, ते पाणी खाली पत्र्यापर्यंत जातं आणि वर्षभराने रंगाला फोड येतात, मग माणूस रंगाला दोष देतो. पुट्टी नेहमी कोरडी घासायची, नाकावर धुळीचा मास्क लावून. गाडी खूप जुनी असेल तर रंगात शिसं असू शकतं, तो रंग कोरडा घासूच नका.

घासायला ८० नंबर, मग १५०-१८०, मग ३२०. कायम लाकडी किंवा रबरी ब्लॉकवर पेपर लावून, नुसत्या हाताने घासलंत की बोटांच्या जागी खोल पन्हाळी पडतात. ब्लॉक तिरका चालवा, एकदा या कोपऱ्यातून, एकदा त्या कोपऱ्यातून. मधे मधे काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारा आणि परत ब्लॉक फिरवा, जिथे काळं राहिलं तिथे खड्डा, जिथे लगेच पत्रा उघडा पडला तिथे उंचवटा. उंचवट्याला हातोडीने हलकं बसवा, त्याच्या बरोबरीला आणायला चहूकडे पुट्टी चढवत बसू नका.

प्रायमर

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी, त्यावर सरफेसर (बारीक रेघा भरणारा जाड प्रायमर) दोन-तीन हात, प्रत्येक हातामध्ये डब्यावर लिहिलेला वेळ. सरफेसर सुकताना आखडतो, म्हणून घाईत घासून रंगवलंत तर आठवड्याने खालच्या पेपरच्या रेघा वर दिसतात. शेवटचं घासणं ४०० ते ६०० नंबरने, मेटॅलिक असेल तर ८०० पर्यंत, इथे मात्र वॉटर पेपर पाण्यासकट चालतो, फक्त कुठे पुट्टी उघडी पडलेली नसावी.

टू-के रंग आणि तुमची छाती

हा भाग कृपा करून वगळू नका. टू-के मधला के हा जर्मन शब्दाचा आहे, दोन घटकांचा माल एवढाच त्याचा अर्थ, एक रंग आणि एक हार्डनर. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा होतो, आणि एकदा शरीराला त्याची अॅलर्जी बसली की नंतर अगदी थोडासा फवारा जवळ आला तरी श्वास अडकतो, आणि ती अॅलर्जी सहसा जात नाही. रंगकाम करणाऱ्या लोकांमध्ये हा आजार जगभर माहितीचा आहे. वाईट म्हणजे त्रास होईल एवढं प्रमाण असतानाही त्याचा वास येत नाही, त्यामुळे कार्ट्रिजवाला (वाफ गाळणाऱ्या डब्या लावलेला) मास्क संपलाय हे नाकाला कळतच नाही. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क तर इथे काहीच कामाचा नाही. योग्य साधन म्हणजे बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क, अंगभर सूट, हातमोजे. हार्डनरवाला स्प्रे कॅनही याच जातीचा, कॅन छोटा आहे म्हणून सुरक्षित नाही.

म्हणून आमचं मत असं की घरी शिकणाऱ्याने पत्रा, पुट्टी, घासणं आणि हार्डनर न लागणारा बेस रंग (क्लिअरच्या खालचा रंग) इथपर्यंत स्वतः करावं, इपॉक्सी आणि टू-के सरफेसरच्या जागी एक घटकाचा प्रायमर घ्यावा (थोडा कमी टिकतो, पण चालतो), आणि शेवटचं क्लिअर बूथ (रंगकामाची बंद खोली) असलेल्या माणसाकडून मारून घ्यावं. बेसनंतर क्लिअर किती तासांत पडलं पाहिजे ते डब्यावर असतं, आधीच वेळ ठरवून ठेवा. आमचा हार्डनर कमी खपला तरी चालेल. आणि हार्डनर नसलेल्या रंगालासुद्धा सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज मास्क, दारं-खिडक्या उघड्या, जवळपास गिझर, शेगडी, ठिणगी काही नाही, लहान मुलं तर नाहीतच.

गन

एचव्हीएलपी (कमी दाबावर जास्त हवा सोडणाऱ्या) गनला हवा खूप लागते, छोट्या टाकीचा कॉम्प्रेसर मधेच दम सोडतो आणि अर्धं पॅनल एका दाबाने, अर्धं दुसऱ्या दाबाने रंगतं. तुमचा कॉम्प्रेसर छोटा असेल तर कमी हवेवर चालणारी छोटी गन घ्या आणि एका वेळी एकच पॅनल करा. हवेच्या लाइनवर पाणी अडवणारा फिल्टर हवाच. नोझल बेसला १.३-१.४ मिलिमीटर, सरफेसरला १.६-१.८. अंतर १५-२० सेंटिमीटर, मनगट वळवायचं नाही, अख्खा हात पॅनलला समांतर न्यायचा, पॅनलच्या बाहेर ट्रिगर दाबायचा आणि बाहेर गेल्यावरच सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे, मेटॅलिकला त्याहून जास्त, नाहीतर वाघासारखे पट्टे दिसतात. मधे १०-१५ मिनिटं थांबा, बेसची ओली चमक जाऊ द्या. आधी जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ बसते.

ओघळ आला तर ओल्या रंगाला बोट लावू नका, कापडाने तर मुळीच नाही. पूर्ण सुकू द्या, मग ब्लॉकवर बारीक पेपर. फिशआय दिसायला लागले तर थांबा, वरून आणखी रंग ओतून ते भरत नाहीत.

ही कामं घरी नको

पिलर (छत धरणारे खांब), दरवाजाखालचा सिल, सीटबेल्ट बसतो ती जागा, यात पुट्टी भरून रंगवू नका, तो भाग अपघातात माणसाला वाचवतो. आजच्या गाड्यांचे पिलर जास्त ताकदीच्या पोलादाचे असतात, गॅसच्या टॉर्चने तापवले की ती ताकद जाते. गंजाने आरपार भोक पडलं असेल तिथेही पुट्टी टिकत नाही, मागून ओल लागतच राहते, पत्रा कापून नवाच बसवावा लागतो, आणि बाहेर जेवढा फोड दिसतो त्यापेक्षा आतला गंज जवळपास नेहमी मोठा निघतो.

प्लास्टिकच्या बंपरला मागे पीपी (PP, प्लास्टिकचा प्रकार) असं कोरलेलं असेल तर आधी प्लास्टिक प्रायमर, नाहीतर रंग सालीसारखा निघतो. ज्या गाडीत पुढचं अंतर मोजणारं रडार बंपरमागे आहे तिथे त्या जागेवर पुट्टी किंवा जाड थर नको, रडारला आरपार दिसण्यात अडथळा येतो, गाडीच्या कंपनीची सूचना बघा.

वापरलेलं थिनर गटारात ओतू नका, झाकणाच्या बाटलीत साठवा, गाळ खाली बसला की वरचं गन धुवायला परत चालतं. नवीन रंगावर महिनाभर वॅक्स नको, आतलं सॉल्व्हंट बाहेर पडायचं असतं.

रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत दरवाजाच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या स्टिकरवर मिळतो, पण एकाच कोडच्या दोन गाड्या सारख्या दिसत नाहीत, ऊन-पाण्याने शेड बदलते. म्हणून रंग बनवायला येताना नुसता कोड आणू नका, पेट्रोलच्या टाकीवरचं बाहेरचं झाकण काढून घेऊन या, आम्ही त्याच्याशी उन्हात लावून बघतो.