घरचा हरभरा 'फाटतो' का?

चोपडा-अमळनेरकडे पारावर हमखास ऐकू येतं: घरचं हरभऱ्याचं बी दोन वर्षांत फाटतं, म्हणजे मूळ वाणासारखं राहत नाही, कपाशीसारखं दरसाल नवं पाकीट घ्यावंच लागतं. हे खरं नाही.

कपाशीचं बीटी बियाणं संकरित असतं, त्याचं बी पुढच्या पिढीत विस्कटतं. हरभऱ्यात बाजारात संकरित वाणच नाही. त्याचं फूल उमलण्याआधीच आतल्या आत परागीभवन उरकतं, म्हणून राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'विजय' वाण पेरला तर 'विजय'च उगवतो. शेजारच्या शेतातल्या वाणाशी संकर झालाच तर अगदी नगण्य.

मग उतारा का घटतो? बहुतेकदा मर रोगाने. त्याची बुरशी पीक नसतानाही जमिनीत वर्षानुवर्षं टिकते. दोष मात्र बियाण्यावर जातो. शिवाय खळ्यावर होणारी भेसळ आणि कणगीतले भुंगे. तीनेक वर्षांनी बी बदलायचं ते यासाठी.

पिढ्यानपिढ्या तसाच उगवणाऱ्या हरभऱ्याचा हा एकसारखेपणा नवे वाण घडवणाऱ्या पैदासकारांना मात्र जड जातो. लागवडीखालच्या हरभऱ्यात जनुकीय विविधता मुळातच तोकडी. म्हणून ते तुर्कस्तानातल्या रानटी भाईबंदाशी मुद्दाम संकर करतात, आणि नवा वाण अनेक ठिकाणी, अनेक हंगाम पेरून बघतात. एका सालचा विक्रमी उतारा त्यांना पुरत नाही. अवर्षणाच्या साली किती हाती लागलं, तेही ते मोजतात.