जवस, दाह आणि तीन दुहेरी बंध

जवसाच्या तेलाचा पातळ थर काचेवर देऊन उघड्यावर ठेवला, की काही दिवसांत त्याचा कडक पापुद्रा होतो. शेंगदाण्याचे तेल तसेच ठेवले तर ते तेलकटच राहते. या वाळण्याच्या गुणामुळे जवसाचे, म्हणजेच अळशीचे तेल रंगात, वॉर्निशमध्ये आणि काच बसवायच्या पुट्टीत शतकानुशतके वापरले गेले. ज्या रेणूमुळे ते वाळते, तोच रेणू पोटात गेल्यावर दाह आटोक्यात ठेवायला मदत करतो. त्याचे नाव अल्फा-लिनोलेनिक आम्ल, थोडक्यात एएलए. हे ओमेगा-३ कुळातले स्निग्धाम्ल आहे. १८ कार्बन अणूंच्या त्याच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात आणि हवेतला ऑक्सिजन नेमका त्या बंधांच्या आसपास चिकटतो. जवसात सुमारे ४० टक्के तेल असते आणि त्या तेलात निम्म्याहून अधिक एएलए. रोजच्या खाण्यातल्या तेलबियांत इतके कशातच नसते.

दाह म्हणजे छातीतली जळजळ नव्हे. बोट कापले की ते लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते; तो दाह. जंतू मारायला आणि जखम भरायला तो हवाच. त्रास होतो तो धुमसत राहणाऱ्या दाहाचा. पोटावरची चरबी, मधुमेह, धूम्रपान, हिरड्यांचा जुना आजार अशा कारणांनी तो वर्षानुवर्षे चालू राहतो आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरापासून सांध्यांपर्यंत सगळीकडे झीज घडवतो. ताप येत नाही, सूजही दिसत नाही. रक्ततपासणीत सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन थोडे वाढलेले दिसते, इतकेच.

दाहाचे निरोप पेशीच्या आवरणातूनच निघतात. इजा झाली की आवरणातले ॲराकिडोनिक आम्ल हे ओमेगा-६ कुळातले स्निग्धाम्ल सुटे होते आणि कॉक्स नावाचे एन्झाइम त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनवते. त्यानेच दुखते, सुजते, ताप चढतो. ॲस्पिरिन हीच पायरी अडवते, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. जवस ही पायरी अडवत नाही. ते तिथे पोचणारा कच्चा माल हळूहळू बदलते. एएलएपासून शरीर ईपीए हे २० कार्बनचे ओमेगा-३ आम्ल बनवते. ते आवरणात जाऊन बसले, की त्याच एन्झाइमांच्या हातून बरेच सौम्य निरोप तयार होतात.

इथेच खरी अडचण आहे. एएलएचे ईपीए करणारे एन्झाइम ओमेगा-६ कुळातल्या लिनोलेइक आम्लावरही काम करते. रांगेत ज्याची गर्दी जास्त, त्याचे काम आधी होते. आपल्या फोडणीतल्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल ७० टक्क्यांच्या पुढे असते, नेहमीच्या सूर्यफूल तेलात ६० च्या आसपास, आणि दोन्हींत एएलए जवळपास नाहीच. शेंगदाणा तेलातही नाही. (मोहरी आणि सोयाबीनच्या तेलात थोडे असते.) करडई वाईट, असा याचा अर्थ नाही; लिनोलेइक आम्लही शरीराला लागतेच. पण ताटात सगळेच तेल त्या एका कुळाचे असेल, तर वरून भुरभुरलेल्या जवसाचा उपयोग कमी होतो. गर्दी नसली तरी एएलएचा साधारण ५ ते १० टक्के भागच ईपीएपर्यंत पोचतो आणि डीएचए हे पुढचे आम्ल तर नगण्य बनते. म्हणून जवस माशाची जागा पूर्णपणे घेत नाही. शाकाहारी माणसासाठी मात्र तो सर्वांत सोपा आणि स्वस्त मार्ग आहे.

जवसात आणखी एक गोष्ट आहे: सालीतले लिग्नॅन हे वनस्पतिजन्य द्रव्य. आतड्यातले जीवाणू त्यापासून एंटरोलॅक्टोन बनवतात. ही द्रव्ये ऑक्सिडीकरणाला आवर घालतात. तेलात ती जवळजवळ उतरत नाहीत आणि तंतूही चोथ्यातच राहतात. त्यामुळे बाटलीतल्या तेलापेक्षा आम्ही अख्ख्या दाण्याची पूड सुचवू.

पूडच, कारण जवसाचा दाणा गुळगुळीत आणि टणक असतो. चावताना तो दातांखालून निसटतो आणि बराचसा जसाच्या तसा बाहेर पडतो. १०० ग्रॅम दाणे निवडून, कोरडे पुसून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजा. चार-पाच मिनिटांत ते तडतडून उड्या मारू लागतात आणि खमंग वास येतो, तेव्हाच उतरवा. धूर निघाला तर भाजणे फार झाले, चव कडवट होणार. भाजल्याने कच्च्या दाण्यातले सायनाइड सोडणारे घटकही कमी होतात. ताटात पसरून पूर्ण गार करा. गरम दाणे मिक्सरमध्ये घातले तर तेल सुटून गोळा होतो. थांबत-थांबत फिरवा. चटणी हवी असेल तर सुक्या मिरच्या, जिरे, मीठ याच वेळी घाला. लसूण घातलात तर ओलाव्यामुळे ती कमी दिवस टिकेल.

दळले की टरफलाचे संरक्षण संपते आणि ऑक्सिजनला मोकळे रान मिळते. म्हणून दोन आठवड्यांपुरतेच दळा, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. पुडीला ऑइलपेंटसारखा वास आला तर फेकून द्या. जवसाचे तेल आणलेच तर ते भाकरीवर किंवा चटणीवर कच्चेच घ्या, तळायला नको.

एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम पुडीतून १.६ ग्रॅम एएलए मिळते. अमेरिकी आहार-शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी रोजचे प्रमाण तेवढेच आहे, स्त्रियांसाठी १.१ ग्रॅम. पहिला आठवडा छोटा चमचा घ्या, नाहीतर पोट फुगते. पुढे एक ते दोन मोठे चमचे पुरे.

परिणामांबद्दल स्पष्ट सांगायला हवे. सीआरपीवर झालेल्या चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत: स्थूल व्यक्तींमध्ये ते उतरल्याचे अधिक दिसते, निरोगी सडपातळ माणसांत फारसे नाही. कॅनडात पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांच्या चाचणीत रोज ३० ग्रॅम पूड सहा महिने दिल्यावर वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी कमी होता. ते रुग्ण आपली औषधेही घेत होते. संधिवाताच्या गोळ्या बंद करून जवस सुरू करणे धोक्याचे आहे.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, गर्भारपण असेल किंवा आतड्यात कुठे अरुंदपणा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पुडीतला चिकट तंतू गोळ्यांचे शोषण लांबवतो, म्हणून दोन्हींत दीड-दोन तासांचे अंतर ठेवा. आणि पुडीसोबत पेलाभर पाणी प्याच. पाणी कमी पडले तर हाच तंतू आतड्यात फुगून बद्धकोष्ठ वाढवतो.