एस्टेट सेल: किंमत लावणारा आणि विकत घेणारा

एस्टेट सेल म्हणजे काय हे न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये संसार थाटलेल्यांना सांगायला नको. माणूस गेला की वारस त्याच्या घरातलं सामान त्याच घरात विकायला काढतात, ती ही विक्री. भारतात राहणाऱ्यांनी ती बहुधा टीव्हीवरच पाहिलेली असते, तीही तिच्या नात्यागोत्यातल्या मालिकांमधून: गहाणवटीचं दुकान, गोदामांचे लिलाव, गावोगाव फिरून जुनी कोठारं उपसणारी जोडगोळी. २०११नंतर या मालिका हिंदी डबिंगसह आपल्याकडे दिसू लागल्या, आणि इतिहासाच्या नावाने चालणाऱ्या वाहिनीवर दिसू लागल्या, ही गंमत वेगळीच.

या बहुतेक मालिकांमध्ये वस्तू ओळखणारा, तिची किंमत सांगणारा आणि ती विकत घेणारा माणूस एकच असतो. गहाणवटीच्या दुकानात त्याचं काही वाटत नाही. दुकानदार स्वतःच्या फायद्यासाठी बसलाय हे समोरच्याला ठाऊक असतं. एस्टेट सेल चालवणारी कंपनी मात्र वारसांच्या वतीने विकत असते. मग तिने किंवा तिच्या माणसांनी त्यातलं काही स्वतःसाठी उचलावं का? या धंद्यातला हा सर्वांत चिवट वाद आहे. टीव्हीने तो जन्माला घातला नाही, पण तो डोळ्यांआड करायला टीव्हीने मोठा हातभार लावला.

मागचा इतिहास थोडक्यात. अमेरिकेतल्या वसाहतींच्या काळात माणूस गेला की न्यायालय शेजारपाजारचे दोन-तीन जाणते नेमायचं. ते घरात फिरून अंथरुणापासून पळी-चमच्यापर्यंत यादी करायचे, प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहायचे. कर्ज फेडायचं असेल तर मग जाहीर लिलाव. दक्षिणेकडच्या राज्यांत या याद्यांमध्ये खुर्च्या, गुरं आणि गुलाम माणसं एकाखाली एक लिहिलेली सापडतात. व्हर्जिनियातल्या माँटिसेलो इथे जानेवारी १८२७मध्ये देशाच्या तिसऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेची विक्री झाली. तिच्या जाहिरातीत १३० गुलाम, गुरंढोरं, पीक आणि घरातलं-स्वयंपाकघरातलं सामान एकत्रच होतं. आजच्या एस्टेट सेलची गोड वंशावळ सांगणारे हा भाग सहसा गाळतात.

विसाव्या शतकात लिलावाच्या जोडीने चिठ्ठीवरच्या ठरलेल्या किमतीची विक्री आली, आणि उपनगरं वाढली तशी ती रुळली. हा बदल दिसायला किरकोळ, पण त्याचा एक परिणाम अजून भोवतो. लिलाव पुकारणाऱ्याला अनेक राज्यांत परवाना लागतो. चिठ्ठी लावून विकणं हा लिलाव नव्हे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी एस्टेट सेल चालवायला वेगळा परवाना लागत नाही. फार तर नगरपालिकेची परवानगी आणि विक्रीकराची नोंदणी. एक गाडी, घडीची टेबलं आणि रोख रकमेची पेटी घेऊन कोणीही कंपनी काढू शकतं. चांगलं काम करणारे पुष्कळ आहेत, पण ते चांगले आहेत हे तपासायची सरकारी जागा बहुतेक ठिकाणी नाही.

कामाची रीत साधारण सगळीकडे सारखी. आधी घर पाहून करार. कमिशन एकूण विक्रीच्या ३० ते ५० टक्के. घर लहान किंवा माल हलका असेल तर टक्का वर जातो, आणि ठरावीक रकमेखाली विक्री होईलसं वाटत नसेल तर कंपनी कामच घेत नाही. वारसांना पहिली सूचना असते ती काहीही फेकू नका ही, कारण घरच्यांना कचरा वाटणाऱ्या खोक्यातच जुन्या जाहिराती, शिलाईचे नमुने, दाढीचे रेझर असा हमखास खपणारा माल असतो. मग आठ-पंधरा दिवस कपाटं रिकामी करणं, फोटो-कागदपत्रं-औषधं वेगळी काढणं, काटे-चमचे जोडीने लावणं, पुस्तकांच्या खोक्यांत नोटा तर नाहीत ना ते पाहणं. दागिने पैसे घेणाऱ्याच्या टेबलाजवळ कुलपाच्या पेटीत. घरच्यांनी त्या दिवसांत तिथे थांबू नये असं बहुतेक कंपन्या सांगतात, आणि ते योग्यच आहे. आईच्या शिवणयंत्रावर कोणी घासाघीस करताना ऐकणं कोणाला सोसतं?

विक्री शुक्रवार ते रविवार. पहाटे नंबर वाटतात, दार उघडलं की एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात. रांगेत पुढे असतात ते जुन्या वस्तूंचे व्यापारी. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत, दुसऱ्या दिवशी साधारण पाव सूट, शेवटच्या दिवशी अर्ध्यावर. काही ठिकाणी पेटी ठेवलेली असते: परवडेल ती रक्कम लिहून टाका, वस्तू उरली तर फोन येईल. रविवारी संध्याकाळी जे राहतं ते दान, नाहीतर कचऱ्याचा मोठा डबा.

टीव्हीवर हा रविवार जवळजवळ नसतोच. पडद्यावर विक्रीचा एकूण आकडा येतो आणि घरच्यांचे डोळे भरतात. २०,००० डॉलरची विक्री, ४० टक्के कमिशन धरलं तर ८,००० गेले. उरलेल्या १२,०००मधून सफाईचा खर्च वजा करून तीन भावंडांत वाटणी. प्रत्येकाच्या हाती ४,०००सुद्धा नाहीत. हे गणित कॅमेऱ्यापुढे मांडलं तर कोणाचे डोळे भरतील, पण वेगळ्या कारणाने.

टीव्हीचा साचा ब्रिटनचा. १९७९मध्ये तिथे सुरू झालेल्या कार्यक्रमात लोक घरातली वस्तू घेऊन यायचे, जाणकार तिची गोष्ट सांगायचे आणि शेवटी किंमत. १९९७मध्ये त्याची अमेरिकी आवृत्ती सार्वजनिक वाहिनीवर आली. तिच्या आदल्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या दिवंगत पत्नीच्या सामानाचा लिलाव गाजला होता: काहीशे डॉलर अंदाज असलेली नकली मोत्यांची माळ २,११,५०० डॉलरला गेली आणि बातम्यांनी ती घरोघर पोचवली. त्या विक्रीत पैसे मिळाले होते ते मालकिणीच्या नावामुळे, मोत्यांमुळे नव्हे. पण आपल्या माळ्यावरही असं काही असेल, ही आशा तेव्हापासून पक्की झाली.

अमेरिकी कार्यक्रमाच्या सुरुवातीच्याच काळात एक प्रकरण घडलं, आणि माझ्या मते एस्टेट सेलबद्दल बोलताना त्याच्यापासूनच सुरुवात करायला हवी. एका पाहुण्याने अमेरिकी यादवी युद्धातली तलवार आणली. लहानपणी आपण तिने कलिंगडं कापायचो, असं तो म्हणाला, आणि लष्करी वस्तूंच्या जाणकाराने तिची मोठी किंमत सांगितली. पुढे उघड झालं की हा प्रसंग ठरवून रचलेला होता. जाणकार म्हणून बसणारे दोघे व्यापारी यातून नाव कमवत आणि त्या नावावर लढवय्यांच्या वारसांकडून ठेवा स्वस्तात मिळवत. त्याच युद्धातल्या गेटिसबर्गच्या हल्ल्यामुळे प्रसिद्ध असलेल्या एका सेनानीच्या वंशजाकडून घेतलेल्या वस्तू पुढे एका शहराच्या संग्रहालयासाठी सुमारे दसपट किमतीला विकल्या गेल्या. २००१मध्ये दोघांवर संघराज्याच्या न्यायालयात आरोपपत्र आलं, दोघांनीही गुन्हा कबूल केला. वाहिनीने ते भाग मागे घेतले.

लोकांच्या लक्षात राहिली ती तलवारीची खोटी गोष्ट. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भाग. वस्तू खऱ्या, वारस खरे, व्यवहारही कागदोपत्री झालेला. खोट होती ती किंमत सांगणाराच घेणारा होता यात.

मूल्यमापनाच्या पेशाने हा प्रश्न आधीच सोडवला होता, निदान कागदावर. १९८०च्या दशकात बचत-कर्ज संस्था बुडाल्या, जमिनींचे फुगवलेले अंदाज चव्हाट्यावर आले, आणि १९८७मध्ये मूल्यमापकांसाठी देशभराची एकसारखी मानकं तयार झाली. त्यांतले दोन नियम साधे आहेत: ज्या वस्तूची किंमत सांगायची तिच्यात आपला हितसंबंध असेल तर तो उघड करा, आणि मेहनताना सांगितलेल्या किमतीच्या टक्केवारीवर घेऊ नका. एस्टेट सेलवाला तर टक्केवारीवरच जगतो. म्हणजे तो चिठ्ठीवर किंमत लिहितो, पण या अर्थाने मूल्यमापक नाही. तो विक्रीचा दलाल आहे. दलालाला जुना कायदा लागू होतो: मालकाची वस्तू त्याला पूर्ण कल्पना न देता, त्याच्या संमतीशिवाय स्वतः विकत घेता येत नाही.

संमती म्हणजे नेमकं काय, इथे गाडं अडतं. काही कंपन्या आपल्या माणसांना खरेदीची सरसकट बंदी करतात. काही दार उघडल्यानंतर इतरांसारखं रांगेत उभं राहून घेऊ देतात. काही दुसऱ्या दिवशी सूट लागल्यानंतरच. काहींच्या करारात एक ओळ असते की कर्मचारी चिठ्ठीवरच्या किमतीला वस्तू घेऊ शकतील, आणि वडील जाऊन पंधरा दिवस झालेला मुलगा विमानतळावर जायच्या घाईत खाली सही करतो. कायद्याच्या भाषेत ही संमती झाली. पण चिठ्ठी लिहिणारा हात आणि पाकीट काढणारा हात एकाच माणसाचा असेल तर ‘चिठ्ठीवरची किंमत’ या शब्दांना काय अर्थ उरतो?

बाजू मांडणारे म्हणतात, कामाला येणारी माणसं मुळात या वस्तूंच्या वेडापायी येतात. बंदी घातली तर जाणकार मिळणार नाहीत. हे खरं आहे. ते असंही म्हणतात की कंपनीने सगळं घर एकरकमी विकत घेणं दूरच्या वारसांना सोयीचं पडतं. तेही खरं, पण तो वेगळा आणि सरळ सौदा आहे: तिथे समोरचा खरेदीदार आहे हे वारसाला माहीत असतं. अडचण अर्धवट व्यवस्थेची आहे, आणि तिचा सर्वांत कमी चर्चिला जाणारा भाग म्हणजे उरलेल्या मालाचं कलम. विक्रीनंतर जे उरेल ते कंपनीचं, बदल्यात सफाई फुकट, असं अनेक करारांत असतं. दिसायला सवलत. पण मग एखादी वस्तू मुद्दाम महाग ठेवली की ती रविवारपर्यंत हलत नाही आणि सोमवारी आपोआप कंपनीची होते. स्वस्त लावून उचलणं सगळ्यांना दिसतं; महाग लावून ठेवून घेणं कोणाच्या नजरेत येत नाही. प्रत्येक कंपनी असं करते असं अजिबात नाही. पण करारच तशी वाट मोकळी ठेवत असेल तर प्रामाणिकपणा हा केवळ त्या माणसाच्या स्वभावाचा भाग उरतो.

आता खास एस्टेट सेलवरची २०११ची मालिका. त्याआधी २००७-०८च्या लेखकांच्या संपामुळे पटकथेविना चालणाऱ्या कार्यक्रमांना वाहिन्यांनी जवळ केलं होतं, मंदीने जप्तीची घरं आणि काटकसर घरोघर आणली होती. २००९मध्ये गहाणवटीचं दुकान आणि सामानाने गच्च भरलेल्या घरांची मालिका, २०१०च्या जानेवारीत कोठारं उपसणारे, डिसेंबरात गोदामांचे लिलाव. पाठोपाठ घर-सजावटीच्या वाहिनीवर खास एस्टेट सेलचीच मालिका आली. मिशिगनमधली एक बाई घरं आवरून विक्री लावायची, आणि जोडीने जुन्या वस्तू मिळवून, रंगवून, नवं रूप देऊन आपल्या दुकानासाठी तयार करायची. मालिका चांगली होती. हातांनी काम करणारी बाई टीव्हीवर बघायला बरंही वाटायचं. तिच्यावर गैरव्यवहाराचा ठपका ठेवायचा इथे हेतू नाही. पण दलाली आणि दुकान ही दोन टोकं एकाच भागात, एकाच माणसाकडे, त्याच हसऱ्या चेहऱ्याने दाखवली गेली, आणि प्रेक्षकाला त्यात प्रश्न विचारण्यासारखं काही दिसलं नाही.

गोदामांच्या मालिकेवर मात्र प्रश्न उठला. डिसेंबर २०१२मध्ये तिच्यातल्याच एका खरेदीदाराने निर्मात्यांवर दावा लावला: गोदामांत माल आधीच आणून ठेवला जातो, एकदा तर कचऱ्याखाली मोटारगाडी दडवली होती, असं त्याचं म्हणणं. त्याने आधार घेतला तो १९५०च्या दशकातल्या प्रश्नमंजूषा घोटाळ्यांनंतर, १९६०मध्ये झालेल्या कायद्याचा. त्यानुसार बुद्धी, कौशल्य किंवा नशिबाची स्पर्धा टीव्हीवर आधी ठरवून खेळवता येत नाही. दाव्यातला काही भाग न्यायालयाने लवकरच काढून टाकला, उरलेलं २०१४मध्ये आपसांत मिटलं. माल खरंच पेरला जायचा का, याचा निवाडा झाला नाही. या वादाने चर्चा भलत्याच वळणावर नेली, असं मला वाटतं: सगळे ‘खरं की बनावट’ यावरच बोलत राहिले.

दरम्यान किमतीच खाली आल्या. सागवानी-महॉगनी रंगाचं जड लाकडी फर्निचर, चिनीमातीचे संपूर्ण जेवणाचे संच, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांना रांगा लागायच्या त्यांना आता रविवारीही कोणी विचारत नाही. जाणकारांचा तोच अमेरिकी कार्यक्रम आपले जुने भाग नव्या अंदाजासह पुन्हा दाखवतो, आणि फर्निचरच्या बाबतीत नवा आकडा पुष्कळदा जुन्याहून लहान असतो. वारस मात्र जुना आकडा मनात धरून येतात. त्यात आता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिशात फोन. तशीच वस्तू गेल्या महिन्यात कितीला गेली ते तो टेबलापाशी उभा राहून बघतो. जाणकाराचं एकट्याचं ज्ञान पूर्वीइतकं महाग राहिलेलं नाही.

मार्च २०२०मध्ये दारं बंद झाली आणि अनेक कंपन्या ऑनलाइन लिलावाकडे वळल्या. २०२१च्या अखेरीस त्याच घर-सजावटीच्या वाहिनीवर ऑनलाइन एस्टेट विक्रीची मालिकाही आली. बोली पुष्कळदा एका डॉलरपासून सुरू होते, म्हणजे आधी चिठ्ठी लिहिण्याचा प्रश्न मिटतो. त्याच्या जागी नवा येतो: बोली लावणाऱ्या टोपणनावामागे कंपनीचाच माणूस आहे का, आणि वर्णनात मुद्दाम काही गाळलंय का. रोखीच्या घरगुती विक्रीत कोणती वस्तू कोणी नेली याचा मागमूस राहत नसे. ऑनलाइन विक्रीत प्रत्येक बोलीची नोंद होते, ही सुधारणा निश्चितच मोठी. फक्त ती नोंद कंपनीच्या किंवा संकेतस्थळाच्या ताब्यात असते, आणि ती मागायचा हक्क वारसाला करारात लिहून घ्यावा लागतो.