खनिज-सूक्ष्मतंतू मिश्रण

कागद व पुठ्ठा मजबूत करण्यासाठी लगद्यात किंवा पृष्ठलेपात घातले जाणारे मिश्रण. सेल्युलोजच्या तंतूंपासून दळून सुटे केलेले अतिसूक्ष्म धागे आणि कॅल्शियम कार्बोनेट किंवा चिनी मातीची पूड हे त्याचे घटक.

कागदात खनिज घालणे जुनेच. लेखन-छपाईच्या कागदात वजनाच्या 15 ते 30 टक्के भरणद्रव्य सहज असते. ते लगद्यापेक्षा स्वस्त पडते आणि कागद पांढरा, अपारदर्शक होतो. पण खनिजाचे कण तंतूंच्या मधे शिरून त्यांच्यात हायड्रोजन बंध (तंतूंना एकमेकांना धरून ठेवणारी रासायनिक ओढ) जुळू देत नाहीत, म्हणून कागद लेचापेचा होतो. ही उणीव सूक्ष्मतंतू भरून काढतात. लाकडाचा तंतू साधारण 20 ते 40 मायक्रोमीटर रुंद. त्यातून सुटलेले धागे मायक्रोमीटरहूनही बारीक. पृष्ठभाग अनेक पटींनी वाढल्यामुळे बंध वाढतात आणि खनिजकणही त्या जाळ्यात अडकून राहतात.

असे धागे 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील आयटीटी रेयोनियर कंपनीच्या संशोधकांनी उच्च दाबाच्या यंत्रातून लगदा वारंवार काढून मिळवले. त्याला वीज भरमसाट लागे. पुढे लगदा आणि खनिज एकत्रच, सिरॅमिक मण्यांच्या चक्कीत दळण्याची रीत आली. कागदात या धाग्यांची मात्रा काही टक्केच ठेवावी लागते. वाढवल्यास ओल्या लगद्यातले पाणी लवकर निथळत नाही आणि कागदयंत्राचा वेग घटतो.

कोकणात हा विषय निघतो आंब्याच्या पेटीवरून. रत्नागिरी-देवगडचा हापूस पूर्वी पेंढा घातलेल्या लाकडी पेटीतून जाई. आता पुठ्ठ्याचे खोके रुळले आहेत. टेम्पोत थरावर थर चढले की भार मुख्यतः खालच्या खोक्याच्या चार कोपऱ्यांवर येतो. हवेसाठी पाडलेल्या भोकांनी बाजू आधीच अशक्त झालेल्या असतात. एक कोपरा चेपला, की वरचे ओझे थेट फळावर. सापेक्ष आर्द्रता 50 वरून 90 टक्क्यांवर गेल्यास खोक्याची भार पेलण्याची क्षमता साधारण निम्म्यावर येते, आणि इथेच या मिश्रणाची मर्यादा उघडी पडते. त्याची करामत कोरड्या कागदातली. पाणी नेमके तेच बंध सैल करते. ओलीसाठी साइजिंग (पाणी शोषू न देणारी प्रक्रिया) किंवा आर्द्ररोधी रेझीन वेगळेच लागते.

मिश्रणाचा कच्चा माल पाहिला, तर सिंधुदुर्गात चिनी मातीचे साठे आहेत, लगद्यासाठी माणगा बांबूही भरपूर. मात्र बांबूतील लिग्निन (तंतूंना चिकटवून ठेवणारे द्रव्य) शिजवून काढल्याशिवाय धागे नीट सुटत नाहीत.

पुठ्ठ्याच्या ताकदीचे आकडे आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार 23 अंश सेल्सिअस व 50 टक्के आर्द्रतेत मोजतात. मे महिन्यातल्या किनाऱ्यावर अशी कोरडी हवा मिळणे कठीण; खोके घेताना दमट हवेतल्या दाबचाचणीचा आकडा मागून घेतलेला बरा.