मधुमेह नसताना होणारी रक्तशर्करान्यूनता

मधुमेह नसलेल्या व्यक्तीच्या रक्तातील ग्लुकोज लक्षणे दिसण्याइतके खाली जाणे, म्हणजे ही स्थिती. वैद्यकात तिला हायपोग्लायसेमिया म्हणतात, बोलीभाषेत ‘शुगर लो होणे’. बोलताना हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. चक्कर, थकवा, भुकेने होणारी चिडचिड, सगळेच त्यात बसवले जाते. खरा विकार मात्र दुर्मीळ आहे.

घोळ आकड्यापासूनच सुरू होतो. १ डेसिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅम ही मधुमेहींसाठीची सावधगिरीची रेषा आहे. इतरांच्या बाबतीत साधारण ५५ च्या खालचे वाचन विचारात घेतात. तरी नुसता आकडा पुरत नाही. लांबलेल्या उपवासात निरोगी स्त्रियांची शर्करा ४० च्या आसपास येऊनही त्यांना काहीच जाणवत नाही, असे घडते. म्हणून अमेरिकन शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात मांडलेली त्रिसूत्री आजही निदानाचा पाया आहे: लक्षणे असावीत, त्याच वेळी घेतलेल्या रक्तात शर्करा कमी भरावी आणि ती वाढताच लक्षणे जावीत. यातले एक जरी नसेल तरी कारण दुसरीकडे शोधावे.

शर्करा ८०-८५ च्या खाली सरकली की स्वादुपिंड इन्सुलिन आवरते घेते. ६५-७० च्या सुमारास ग्लुकागॉन आणि ॲड्रेनॅलिन ही शर्करा वाढवणारी संप्रेरके स्रवतात, यकृत साठवलेली साखर सोडते. घाम, धडधड, कापरे आणि कडकडून भूक ही या धावपळीची चिन्हे. त्यानेही भागले नाही तर मेंदू उपाशी पडतो: बोलणे अडखळते, दोन-दोन दिसते, वागणे विचित्र होते, झटके येतात, शुद्ध हरपते. हे सगळे ओसरल्यावर रुग्णाला बहुधा काही आठवत नाही, त्यामुळे खरी हकीकत घरच्यांकडूनच कळते. काहींवर अपस्माराचे किंवा मानसिक आजाराचे उपचार वर्षानुवर्षे चालू राहतात.

जेवणानंतर चार तासांच्या आत होणारा प्रकार जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर ठळकपणे आढळतो. उपाशीपोटी होणाऱ्या प्रकारामागे मद्य, यकृत किंवा मूत्रपिंड निकामी होणे, जंतुसंसर्ग रक्तात पसरणे, कॉर्टिसॉल या संप्रेरकाची कमतरता, हिवतापावरच्या क्विनीनसारखी औषधे किंवा घरातल्या मधुमेहीची गोळी चुकून घेतली जाणे, यांपैकी काहीही असू शकते. मद्य यकृताची नवी ग्लुकोज बनवण्याची क्रिया रोखते. पोट रिकामे असेल तर धोका अधिक.

इन्सुलिनोमा ही स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणारी गाठ. ती बहुतेक वेळा दोन सेंटिमीटरहून लहान आणि दहापैकी नऊ वेळा साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली असते. संशय आल्यास रुग्णाला दाखल करून ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवतात. पाणी चालते, हिंडणे-फिरणेही चालू ठेवायला सांगतात. रक्त आधी दर सहा तासांनी, शर्करा ६० च्या खाली आली की तासा-दोन तासांनी घेतात. शर्करा तळाला गेली असतानाही इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीरात इन्सुलिन बनताना सोबत सुटणारा तुकडा) दबलेले नसेल तर इन्सुलिन शरीर स्वतःच बनवत आहे. सी-पेप्टाइड कमी आणि इन्सुलिन जास्त असेल तर ते बाहेरून टोचलेले. स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवायला लावणाऱ्या सल्फोनिलयुरिया या मधुमेहाच्या गोळ्यांचे चित्र मात्र हुबेहूब गाठीसारखे दिसते, म्हणून रक्तात त्या गोळ्यांचाही शोध घ्यावा लागतो. गाठ काढणे हा पक्का इलाज. ते शक्य नसल्यास इन्सुलिनचा स्राव रोखणारे डायझोक्साइड हे औषध देतात.

आणखी एक फसगत परीक्षानळीतच होते. रक्त काढून नळी टेबलावर तासन्‌तास पडून राहिली की आतल्या पेशी ग्लुकोज खात राहतात आणि धडधाकट माणसाचा अहवालही ‘लो’ येतो. करड्या बुचाच्या नळीतले फ्लोराइड हे रोखण्यासाठीच असते. घरगुती ग्लुकोमीटरही खालच्या पातळीवर भरवशाचा नसतो, त्यामुळे त्याच्या वाचनावरून निदान करत नाहीत.

शर्करा खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला शिरेतून ग्लुकोज किंवा ग्लुकागॉनचे इंजेक्शन लागते.