कूलंट बदलताना खरी अडचण हवेची

१९९६ साली बाजारात आलेल्या पोर्शे बॉक्स्टरचे इंजिन आसनांच्या मागे असते, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, ज्यात निवतो ते रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत. इंजिनातून तापून निघालेल्या कूलंटला गाडीच्या तळाखालच्या लांब नळ्यांतून पुढे जाऊन, थंड होऊन पुन्हा मागे यावे लागते. नळ्या जितक्या लांब आणि वळणावळणाच्या, तितक्या हवा अडकून राहण्याच्या जागाही जास्त.

कूलंट म्हणजे बहुधा इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे निम्मेनिम्मे मिश्रण, ज्यात गंज रोखणारी रसायने घातलेली असतात. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस असते. ग्लायकॉलमुळे मात्र मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो आणि उत्कलनबिंदू चढतो. काही वर्षांनी कूलंट बदलायचे, ते ग्लायकॉल संपते म्हणून नव्हे, तर गंजरोधक रसायने खर्ची पडतात म्हणून. मिश्रणासाठी डिस्टिल्ड वॉटरच घ्यावे, कारण बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. रंगावरून कूलंट निवडणे मुळीच भरवशाचे नाही. रंगाला सर्वमान्य प्रमाणच नाही.

पातळी पाहणे आणि भर घालणे इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. ही यंत्रणा दाबाखाली चालते, आणि वातावरणाहून एक बार अधिक दाब असला तर साधे पाणीसुद्धा १२० अंशांना उकळते. इंजिन तापलेले असताना कूलंटच्या टाकीचे झाकण उघडले की दाब एकदम उतरतो आणि तोवर शांत असलेला द्रव क्षणात उकळून अंगावर उसळतो.

काढलेले जुने कूलंट चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. ते उघड्या भांड्यात क्षणभरही ठेवू नये. नवे भरताना हवेचा बुडबुडा सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या तोंडावरच्या धातूच्या झाकणात, अडकला, तर तिथल्या धातूला द्रवाचा स्पर्शच होत नाही आणि तेवढा भाग इतका तापतो की हेड वाकू शकते किंवा त्याचा सांधा बंद ठेवणारे गॅस्केट जाऊ शकते. तापमानाचा काटा इशारा देईलच असे नाही, कारण सेन्सरच हवेत राहिला तर त्याला द्रवाचे तापमान कळत नाही. म्हणूनच मला व्हॅक्यूमने भरण्याची पद्धत सर्वांत विश्वासार्ह वाटते. कूलंटच्या टाकीच्या तोंडावर उपकरण बसवून कॉम्प्रेसरच्या साहाय्याने आतली हवा ओढून घेतली की रबरी होज पाइप डोळ्यांदेखत चपटे होतात. उपकरणाचा काटा काही मिनिटे जागचा हलला नाही, म्हणजे गळती नाही. मग तोटी फिरवताच कूलंट पार पुढच्या रेडिएटरपर्यंत ओढले जाते. उपकरण नसेल, तर मागच्या डिकीतल्या टाकीवरील हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हची तारेची कडी उभी करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवत थोडे थोडे भरत राहावे लागते.

भरल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पातळी किंचित उतरते, ती उरलीसुरली हवा बाहेर पडल्यामुळे. तेवढी भर त्याच मिश्रणाने घालावी. पुढेही ती उतरतच राहिली, तर नुसती भर घालत राहण्यात अर्थ नाही, कारण बंद यंत्रणेत कूलंट आपोआप संपत नाही. अशा वेळी वॉटर पंप, होजचे सांधे आणि वयानुसार तडकणारी प्लॅस्टिकची टाकी तपासून घ्यावी.